पानथरीवाचून चालत नाही

"ताई, तिल्लीच तर गेलीय. जीव वाचला ना? तिल्ली नसली तरी माणसाचं काही अडत नाही."

धाकट्या बहिणीचे यजमान मला समजावत होते. गेल्या पावसाळ्यात भाच्याची मोटारसायकल बीड बायपासवर घसरली आणि हँडलचं टोक डाव्या बरगड्यांखाली बसलं. पोटात रक्त साचत होतं, ते थांबेना, म्हणून त्याच रात्री एका खासगी दवाखान्यात त्याची पानथरी काढली. त्या शस्त्रक्रियेबद्दल माझी काहीही तक्रार नाही, तिनेच तो वाचला. माझी तक्रार आहे ती आठव्या दिवशी हातात पडलेल्या डिस्चार्ज कार्डाबद्दल. टाके कधी काढायचे, गोळ्या कोणत्या घ्यायच्या, तिखट किती दिवस टाळायचं, वजन कधी उचलायचं हे सगळं त्यावर लिहिलं होतं. लशींबद्दल एक अक्षर नव्हतं. ताप आला तर काय करायचं याबद्दलही काही नव्हतं. मी काउंटरवर विचारलं, तेव्हा तिथल्या माणसाने मेहुण्यांचंच वाक्य जवळपास शब्दशः ऐकवलं.

हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले आहे. चौतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. दरवर्षी हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंड यांवर तास रंगायचे आणि पानथरीपाशी आलं की वर्गातून कोणीतरी म्हणायचंच, "मॅडम, ती नसली तरी चालतं ना?" आपल्याकडे तिला तीन नावं आहेत. खेड्यातली म्हातारी माणसं पानथरी म्हणतात, आमच्या औरंगाबाद शहरात दखनी बोलीच्या सोबतीने तिल्ली रुजली आहे, आणि पुस्तकात ती प्लीहा असते. नावं तीन असली तरी तिच्याबद्दलचं मत एकच.

ते मत मी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडते, म्हणजे मी त्याला दुबळं करून पाडलं असं कोणी म्हणायला नको. मत असं: पानथरी काढलेली माणसं वर्षानुवर्षं जगतात, शेती करतात, लग्न करतात, त्यांना मुलं होतात. तिचं काम यकृत आणि अस्थिमज्जा उचलतात. ज्याच्यावाचून चालतं तो अवयव दुय्यमच म्हणायचा. आणि असा अवयव गर्भात कसा घडतो, त्यातल्या रक्तवाहिन्या कोणत्या जनुकाच्या हुकुमाने वळणं घेतात, हे शोधत बसणं म्हणजे पैशांची उधळण. हा शेवटचा भाग मी स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याच्या तोंडून ऐकला होता: "उंदराच्या तिल्लीतल्या नसा मोजून मराठवाड्याला काय मिळणार?" तेव्हा मी गप्प बसले. आता बसणार नाही.

पहिला मुद्दा, माणसं जगतात. हो, जगतात. एक डोळा गेलेली, एक मूत्रपिंड दान केलेली माणसंही जगतात. मग डोळा बिनकामाचा ठरतो का? शस्त्रक्रियेनंतर रुग्ण घरी चालत गेला, एवढ्यावरून त्याच्या शरीरात काही बदललं नाही असं कसं ठरवता येईल? बदल डोळ्यांना दिसतो, फक्त पाहावं लागतं. भाच्याची जखम भरल्यावर मी त्याच्या बोटातून रक्ताचा एक थेंब घेतला, काचपट्टीवर पसरला, लिशमन रंगाने रंगवला आणि घरच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. गुलाबी तांबड्या पेशींची रांग सरकत होती आणि तिच्यात अधूनमधून एखादी पेशी अशी यायची, की जिच्या पोटात जांभळा, गोल, टाचणीने टोचल्यासारखा एक ठिपका. हॉवेल-जॉली पिंड म्हणतात त्याला. तांबडी पेशी तयार होताना तिचं केंद्रक बाहेर टाकलं जातं. कधीकधी त्याचा कण आत राहून जातो. पानथरी तो कण पेशीतून उपसून काढते आणि पेशी पुन्हा रक्तात सोडते. ती गेली की हे काम कोणीच करत नाही. यकृत नाही, मज्जा नाही, कोणीच नाही. भाच्याला मी ती काच दाखवली. तो बराच वेळ डोळा लावून बसला. मग म्हणाला, "मावशी, हे आता असंच राहणार?" हो, असंच राहणार.

"तिचं काम दुसरे उचलतात" हा दुसरा मुद्दा इथेच मोडून पडतो. पण तो का मोडतो, हे समजायला पानथरीच्या आत शिरावं लागेल. वर्गाला दाखवण्यासाठी मी जुन्या शहरातल्या मटणाच्या दुकानातून बकऱ्याची तिल्ली आणायची. जिभेसारखी चपटी, काळपट जांभळी, हाताला गार आणि लिबलिबीत. सुरीने आडवी कापली की काप तांबडाभडक, आणि त्या तांबड्यात पांढुरके बारीक ठिपके. तांबडा भाग रक्त गाळतो. पांढरे ठिपके म्हणजे रोगप्रतिकारक पेशींची ठाणी. मुलं नाक दाबून उभी असायची, पण ते ठिपके पाहायला सगळी पुढे सरकायची.

माणसाची पानथरी साधारण दीडशे ग्रॅमची, मुठीएवढी. नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड बसलेली. तिच्यातला रक्ताचा मार्ग शरीरात दुसरीकडे कुठेही नाही असा आहे. इतर अवयवांत रक्त धमनीतून केशवाहिनीत आणि तिथून शिरेत जातं, सगळं बंद नळीतून. पानथरीत बारीक धमन्या पांढऱ्या ठिपक्यांमधून जातात, पुढे फुटतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा उघड्या तोंडाने संपतात. रक्त नळीबाहेर, पेशींच्या जाळीत सांडतं. तिथे भक्षक पेशी टपून बसलेल्या असतात. परत शिरेत यायचं तर तांबड्या पेशीला शिरांच्या भिंतीतल्या फटींतून अंग चोरून निघावं लागतं. पेशी सात-आठ मायक्रॉन रुंद, फट जेमतेम एक-दोन मायक्रॉन. तरुण, लवचीक पेशी निसटते. सुमारे १२० दिवस झिजलेली, ताठर पेशी अडकते आणि तिथेच संपते. रक्तात शिरलेला जिवाणूही इथेच, या मंद प्रवाहात पकडला जातो. म्हणजे पानथरीचं काम तिच्या रक्तवाहिन्यांच्या रचनेतच आहे. वाहिन्या नेहमीसारख्या केल्या, तर मागे उरेल तो नुसता मांसाचा गोळा.

आमच्या शहरातल्या माणसाला हे कळायला अवघड जाऊ नये. पाणचक्की आपण पाहुण्यांना हौसेने दाखवतो. शहराबाहेरच्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आणून उंच भिंतीत चढवलं आणि तिथून खाली पाडलं, म्हणून जातं फिरलं. तेवढंच पाणी सरळ नळाने खाम नदीत सोडलं असतं, तर पाणी तेच, पण जातं फिरलं नसतं. मलिक अंबरच्या नहरीपासून या शहराने हेच पाहिलं आहे, की पाणी कोणत्या वाटेने जातं त्यावर ते काय काम करतं हे ठरतं. मग रक्ताची वाट कोणी आखली, हा प्रश्न फालतू कसा?

आता जनुकांकडे येते, कारण पानथरीच्या विरोधकांना सर्वांत सोयीस्कर वाटणारा पुरावा तिथेच आहे आणि तोच त्यांच्यावर उलटतो. १९९४ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला स्टॅन्ले कोर्समेयर यांच्या प्रयोगशाळेने हॉक्स-११ नावाचं एक जनुक उंदरातून काढून टाकलं. आज त्याला टीएलएक्स-१ म्हणतात. उंदरं जन्मली, वाढली, बाकी सगळे अवयव जागच्या जागी, फक्त पानथरी नाही. "बघा," असं म्हणता येईल, "पानथरीवाचून उंदीर जगला!" जगला खरा, पण कुठे? स्वच्छ पिंजऱ्यात, निवडक खाद्यावर. माणसाचं मूल पिंजऱ्यात वाढत नाही. काही मुलं जन्मतःच पानथरीशिवाय येतात, बाकी शरीर ठाकठीक. दिसायला निरोगी अशी ही मुलं न्यूमोकोकससारख्या जिवाणूच्या संसर्गाने एक-दोन दिवसांत जातात, आणि पानथरी नव्हती हे अनेकदा शवविच्छेदनात कळतं. २०१३ मध्ये अशा कुटुंबांचा अभ्यास झाला तेव्हा त्यांतल्या बऱ्याच मुलांत आरपीएसए या एकाच जनुकात बिघाड सापडला. हे जनुक तर शरीरातल्या प्रत्येक पेशीत काम करतं. एक प्रत बिघडल्यावर गायब होते ती एकटी पानथरी. हे असं का, हे कोडं आजही पुरतं सुटलेलं नाही.

मला विचारायचं आहे: ज्या अवयवाची गरज नाही, त्याच्यासाठी गर्भ पाचव्या आठवड्यापासून एवढी तजवीज का करतो? जठरामागच्या पडद्यात पेशींचा एक झुपका जमतो, त्यावर एकामागून एक जनुकं हुकूम सोडतात, आणि त्यांतलं एक जरी चुकलं तरी इमारत नीट उभी राहत नाही. उरलासुरला, टाकाऊ अवयव असा घडतो का?

पण माझ्या मते सगळ्यांत मोलाचं काम हॉक्स-११ चं नाही. त्यात पानथरीच नाहीशी होते, म्हणून ते गाजलं. खरी शिकवण एनकेएक्स २-३ या जनुकात आहे. ते नसलेल्या उंदरात पानथरी असते. लहान, पण असते. बिघडतात त्या तिच्या रक्तवाहिन्या. पांढऱ्या ठिपक्यांभोवती जिथे रक्त मंदावतं आणि जिवाणू ओळखणाऱ्या पेशी पहारा देतात, तो कडेचा पट्टा नाहीसा होतो. हंगेरीतल्या पेच विद्यापीठात पीटर बालोग यांच्या गटाने २०११ मध्ये याहून चकित करणारी गोष्ट दाखवली. या जनुकावाचून पानथरीतल्या काही वाहिन्या लसीकागाठीतल्या वाहिन्यांची ओळख घेऊ लागतात. त्यांच्या भिंतींवर गाठीतल्या दारांवर असतात तशा खुणा उमटतात आणि पेशी त्या खुणा पाहून आत शिरतात. एक हुकूम गेला आणि वाहिनीला आपण कोणत्या अवयवातली आहोत, याचाच विसर पडला. प्रत्येक अवयवातल्या रक्तवाहिनीला स्वतःची ओळख असते आणि ती जनुकाने दिलेली असते, हे मला साठी ओलांडल्यावर कळलं, आणि इतकी वर्षं आपण मुलांना रक्तवाहिन्या नुसत्या नळ्या म्हणून शिकवल्या याचं वाईट वाटलं.

आता तो स्टाफरूममधला प्रश्न. मराठवाड्याला काय मिळणार?

हॉक्स-११ हे जनुक सापडलं तेच मुळी रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींत. एनकेएक्स २-३ च्या आसपासचे फरक माणसात क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या रोगांशी जोडलेले आहेत. हे जनुक वाहिन्यांच्या भिंतीवर मॅडकॅम नावाची जी खूण उमटवायला लावतं, तीच खूण धरून दाहक पेशी आतड्यात शिरतात, आणि २०१४ पासून वापरात आलेलं व्हेडोलिझुमॅब हे औषध पेशींना नेमकी ती खूण धरू देत नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीवर काय लिहिलेलं असतं, हे वाचणारे लोक होते म्हणून हे औषध आलं. कर्करोगाचे आणि आतड्याच्या रोगांचे रुग्ण मराठवाड्यात नाहीत असं कोणाचं म्हणणं आहे का?

आणि सिकलसेल? नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत महाराष्ट्रातल्या आदिवासी आणि दलित वस्त्यांत हा आजार किती घरांत आहे, हे आरोग्यसेविकांना विचारा. एका जनुकातल्या बदलाने तांबडी पेशी प्राणवायू कमी पडला की ताठर, विळ्यासारखी होते. शरीरात सर्वांत आधी ती कुठे अडकते? पानथरीत, तिथल्या मंद प्रवाहात, त्याच अरुंद फटींत. लहान मुलाच्या पानथरीत एकाएकी रक्त तुंबतं, ती काही तासांत फुगते, मूल पांढरंफटक पडतं आणि वेळेत रक्त मिळालं नाही तर दगावतं. जमैकात डॉक्टरांनी आयांना बाळाच्या डाव्या बरगडीखाली बोटांनी पानथरी चाचपायला शिकवलं आणि या प्रकाराने होणारे मृत्यू घटले. त्याला यंत्र लागलं नाही. लागलं ते एवढंच, की पानथरी कुठे असते आणि ती का फुगते हे आईला माहीत असणं. आफ्रिकी वंशाच्या बऱ्याच रुग्णांत ती बालपणीच आक्रसून निकामी होते. आपल्याकडच्या अनेक रुग्णांत ती मोठी होऊन बराच काळ टिकते, कारण त्यांच्या रक्तात गर्भातल्या प्रकारचं हिमोग्लोबिन अधिक असतं. हा फरकही जनुकांचाच. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. "पानथरी नसली तरी चालतं" असं मनात धरून ही मोहीम वस्तीवर राबवायची कशी?

पानथरीबद्दलचं मत हा पोथीतला वाद नाही. त्याने माणसं मेली आहेत. हिवतापाने आपल्या लोकांच्या पानथऱ्या वाढलेल्या असायच्या. एकोणिसाव्या शतकात इंग्रज डॉक्टर गावातल्या मुलांची पोटं चाचपून किती जणांची पानथरी वाढली आहे यावरून त्या गावात हिवताप किती हे ठरवत. मग गोऱ्या साहेबाच्या मारहाणीत नोकर मेला, की कोर्टात सांगितलं जायचं, त्याची पानथरी आधीच नाजूक होती. आग्र्याच्या फुलर या वकिलाने आपल्या मोतद्दाराला मारलं, तो पानथरी फुटून मेला, आणि फुलरला दंड झाला ३० रुपये. १८७६ मध्ये खुद्द व्हाइसरॉय लिटन यांना त्या निकालावर लेखी नाराजी नोंदवावी लागली. अवयव किरकोळ ठरवला की त्यापायी गेलेला माणूसही किरकोळ ठरतो.

आणि ज्या हिवतापाने त्या पानथऱ्या वाढवल्या, त्याचं कोडं कुठे सुटलं? २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला, रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला. ते निजामाचं राज्य होतं, आमचं औरंगाबादही तेव्हा त्याच राज्यात होतं. डासाचं पोट फाडून पाहणाऱ्या माणसाला, याचा इथल्या शेतकऱ्याला काय उपयोग, असं विचारून कोणी थांबवलं असतं तर?

एक गोष्ट मान्य करते. काही वेळा पानथरी काढावीच लागते. ती पार फाटली, किंवा काही रक्तविकारांत ती चांगल्या पेशीही खाऊ लागली, तर काढणं हाच उपचार. पण ती वाचवता येईल तिथे वाचवण्याकडे आज शल्यचिकित्सकांचा कल आहे. आत शिरणाऱ्या धमनीच्या शाखा वेगवेगळ्या भागांना रक्त देतात, म्हणून फाटलेला भाग तेवढा काढता येतो, किंवा मांडीतून अथवा हातातून नळी घालून रक्तस्राव करणारी शाखा बंद करता येते. हे ज्ञान कुठून आलं? पानथरीच्या रक्तवाहिन्या मोजत बसलेल्या माणसांकडूनच आलं.

आणि काढल्यावर? १९५२ मध्ये किंग आणि शुमाकर या अमेरिकन डॉक्टरांनी पानथरी काढलेल्या बालकांत अचानक उसळणारा जीवघेणा संसर्ग नोंदवला. सकाळी साधा ताप, संध्याकाळी रक्तदाब कोसळलेला, दुसऱ्या दिवशी मृत्यू. हा धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत अधिक, पण तो आयुष्यभर संपत नाही. एकदा हा संसर्ग भडकला, की निम्म्यापर्यंत रुग्ण दगावू शकतात. गल्लीतल्या कुत्र्याचा चावासुद्धा अशा माणसाला जीवघेणा ठरू शकतो, रेबीजची लस घेतलेली असली तरी, कारण कुत्र्याच्या लाळेतला एक जिवाणू पानथरी नसलेल्या रक्तात मोकाट वाढतो. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जिवाणूंविरुद्धच्या लशी आहेत. त्या शस्त्रक्रिया ठरवून करायची असेल तर आधी, आणि अपघातात करावी लागली तर साधारण दोन आठवड्यांनी देतात. हे सगळं वैद्यकाच्या पुस्तकांत आहे, घाटीत, म्हणजे इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, शिकणाऱ्या मुलांनाही ते शिकवलं जातं. तरी भाच्याच्या कार्डावर ते आलं नाही. का आलं नाही? कार्ड लिहिणाऱ्याच्या मनातही तेच वाक्य मुरलेलं होतं म्हणून. बिनकामाची वस्तू फेकून दिल्यावर तिच्यासाठी सूचना कोण लिहितो?

म्हणून "पानथरी नसली तरी चालतं" हे वाक्य मी नुसतं चुकीचं म्हणत नाही, घातक म्हणते. पानथरी हा रक्ताचा पहारा आहे. तो पहारा कुठे आणि कसा उभा राहायचा हे जनुकं तिच्या रक्तवाहिन्यांत लिहितात. जनुकांचं हे लिखाण वाचणं माझ्या मते रस्ते आणि पाण्याइतकंच या प्रदेशाचं काम आहे, आणि इथल्या विद्यापीठात, इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात एखादी मुलगी पानथरीच्या वाहिन्यांवर प्रबंध लिहायला निघाली, तर तिला "उपयोग काय" असं विचारणाऱ्याने आधी एखाद्या सिकलसेलच्या वॉर्डात एक रात्र बसून यावं.

भाच्याला तिन्ही लशी आम्ही दुसरीकडे जाऊन दिल्या. त्याच्या पाकिटात एक चिठ्ठी असते, मी लाल शाईने लिहिलेली: "मला पानथरी नाही. ताप आल्यास ताबडतोब प्रतिजैविक सुरू करावं." तुमच्या घरात, शेजारी, गावात कोणाची पानथरी काढलेली असेल, मग त्याला वीस वर्षं झालेली असोत, तर आज त्याची फाइल उघडून पाहा. लशी घेतल्याची नोंद नसेल तर या आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. आणि त्याला रात्री ताप चढला, तर सकाळची वाट पाहू नका.